एप्रिलच्या गाडीत मेचा पंप

६ एप्रिल २०१९, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन तीन आठवडे झाले. चौतीस वर्षं बोल्टच्या कारखान्यात तपासनीस होतो, रोज नोंदी केल्या, त्यामुळे हात शिवशिवतो. ही वही फक्त माझ्यासाठी. बायकोच्या, लोरेनच्या, हाती लागू नये म्हणून गॅरेजमध्ये, ग्रीसच्या डब्याखाली ठेवणार.

संकल्प एकच. १७ ऑगस्टला, वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्या निघतात त्या शनिवारी, बाबांना आमच्या जुन्या गाडीच्या, हिरवीच्या, पुढच्या सीटवर बसवून पॉन्टिॲकपासून थेट फर्नडेलपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. बाबा शहाऐंशीचे, हिरवी एकोणपन्नासची. दोन दारांची, मोठ्या इंजिनाची. बाबा ज्या कारखान्यात दारं बसवायचे तिथूनच त्यांनी ती नवीकोरी घेतली. बाबा म्हाताऱ्यांच्या होममध्ये राहायला गेल्यापासून ती माझ्याकडे आहे.

कव्हर काढलं, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू.

काम काय ते लिहून ठेवतो: १. धुणे. २. ऑइल बदलणे. दोन शनिवारांचं काम आणि हातात चार महिने. इतकं ऐसपैस नियोजन मी सोडून कुणाचं नसेल.

त्याच दिवशी, दुपारी ४.३०

व्हर्जिल टीग येऊन गेला. आमच्या क्लबातला. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक असतो आणि शर्टाच्या खिशात दातांच्या डॉक्टरचा आरसा बाळगतो. बॉनेट उघडं दिसलं म्हणून थांबला. छान आहे म्हणाला. मग आरसा पाण्याच्या पंपाखाली घातला, जीभ टाळ्याला लावून च्‌ केलं आणि आरसा पुसून खिशात ठेवला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणे, नको, तुला झोप लागायची नाही. मी हट्ट धरला.

पंपावर ई १४ ० असं ओतलेलं आहे. अशा प्रत्येक लोखंडी भागावर तो ओतल्याची तारीख असते. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, म्हणजे ई मे. चौदा तारीख. शून्य म्हणजे सत्तर साल. आणि हिरवीच्या अंगावर जी पत्र्याची पट्टी आहे तिच्यावर ती कधी बांधली ते आहे: एप्रिलचा तिसरा आठवडा. भाग गाडीच्या आधीचा असायला हवा, चार आठवडे, फार तर तीन महिने. हा नंतरचा. व्हर्जिल म्हणाला, बापाच्या लग्नाच्या पंगतीत मुलगा जेवायला बसल्यासारखं आहे हे.

एकोणपन्नास वर्षं आम्ही खोटा पंप घेऊन फिरलो. दर उन्हाळ्यात आइस्क्रीम खायला जायचो, लोक टाळ्या वाजवायचे.

दुरुस्त संकल्प: ३. पंप. फक्त पंप.

७ एप्रिल, रविवार

बाबांकडे गेलो. पंपाचं सांगितलं. ते म्हणाले, गाढवा, तो पंप मूळचाच आहे, मी माझ्या हाताने बसवलाय. एकतीस वर्षं या माणसाने दारं बसवली, पंपाला हात लावला नाही. आता आठवणी एकमेकींत मिसळायला लागल्या असाव्यात. वाईट वाटलं. त्यांचा हात हातात घेतला, तर म्हणाले, हात काय धरतोस, मी अजून मेलो नाही.

त्यांच्या मजल्यावरून बाहेर पडायच्या दाराला चार आकड्यांचा कोड आहे, म्हातारी माणसं भटकू नयेत म्हणून. दर महिन्याला बदलतात. मला आठवेना. वीस मिनिटं दाराशी उभा होतो. शेवटी शनीस, तिथली नर्स, आली आणि म्हणाली, मिस्टर डोम्ब्रोव्स्की, भेट संपली की राहायला आलात? बाबा मागून खुर्चीतून हसत होते. यात हसण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. माझ्या डोक्यात महत्त्वाचे आकडे असतात.

१२ एप्रिल, शुक्रवार

पंप काढला. त्यासाठी आधी रेडिएटर काढावा लागला. त्यासाठी पंखा. हे सगळं उलट क्रमाने परत लावायचं, एवढंच.

१५ एप्रिल

पंप काढल्यामुळे बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर नीट दिसला. १९७४. सत्तरच्या गाडीत चौऱ्याहत्तरचा. कोणा मूर्खाने बसवला हा?

१६ एप्रिल

मी बसवला. आठवलं. अठरा वर्षांचा होतो, बर्फ पडत होता, बाबा टॉर्च धरून उभे होते आणि मी पाना फिरवत होतो. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा बाबांनी पाठीवर थाप मारली होती. त्यांच्याकडून तशी थाप फारशी मिळाली नाही.

भावनेच्या भरात वाहून जाऊन चालणार नाही. काढला.

२८ एप्रिल, रविवार

पार्टांचा बाजार भरला होता, काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर. मला हवा तसाच पंप मिळाला, सी २ ०, म्हणजे २ मार्च १९७०. विकणारा ओहायोचा. लाल टोपी. माझ्याकडचा मेचा पंप बघून म्हणाला, पंपाला पंप, बदलून देतो. मला हसू आवरेना. माझा विचार बदलेल या भीतीने तो बायकोला गाडी काढ म्हणून ओरडला. ओहायोवाल्यांना गाड्यांतलं काय कळतं हा प्रश्न मला लहानपणापासून आहे. आज उत्तर मिळालं.

वाटेत बाबांकडे डोकावलो. पंप दिला म्हटलं. कुणाला? ओहायोवाल्याला. ते म्हणाले, फुकट दिला असतास तरी चाललं असतं, पण ओहायोला?

४ मे, शनिवार

व्हर्जिल आला. आरसा काढला नाही. लांबूनच म्हणाला, हा पंप ऐंशी सालचा आहे. सामान पोचवायच्या ट्रकचा. बोल्टची भोकंच जुळणार नाहीत.

मी म्हटलं, शून्य आहे, शून्य म्हणजे सत्तर. तो म्हणाला, शून्य म्हणजे साठ, सत्तर किंवा ऐंशी. शेवटचा आकडा फक्त लिहितात, बाकीचं माणसाला कळायला हवं.

हे मला माहीत होतं. परीक्षा घेत होतो त्याची.

तोवर डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर, स्टार्टर आणि दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट निघालेत. सगळ्यांच्या तारखा वहीत. कार्ब्युरेटर बरोबर आहे. बरोबर आहे हे कळायला काढावा लागला.

१८ मे, शनिवार

हे झोपायच्या आधी लिहितोय. मान दुखते आहे.

दुपारी हीटरच्या डब्यावरची तारीख वाचायला डॅशबोर्डखाली शिरलो. पाठीवर झोपून, डोकं ब्रेकच्या पॅडलमागे. तारीख दिसली नाही आणि डोकं बाहेर निघेना. लोरेन चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, वळायला गेली होती. एक तास पन्नास मिनिटं मी कार्पेटखालच्या पत्र्याकडे बघत होतो. त्या पत्र्यावरही काही आकडे आहेत, ते नोंदवले.

लोरेन आली. मला वाटलं ओढून काढेल. तिने पिठाचे हात पुसले, घडीची खुर्ची आणली, माझ्या पायांशी बसली आणि म्हणाली, बरं झालं, पळता येत नाहीये तुला. तीन गोष्टी विचारायच्यात.

एक, माझी व्हॅन गॅरेजमध्ये परत कधी येणार. बर्फ पडायच्या आत, म्हटलं. दोन, एप्रिलमध्ये गाडी चालत होती ना? मग उघडलीस कशाला? याचं उत्तर मी बरंच सविस्तर दिलं, पण डॅशबोर्डखालून आवाज नीट पोचत नसावा. तीन, होमकडून आलेलं पत्र वाचलंस का?

वाचलं नव्हतं. तिने वाचून दाखवलं. बाबांचं हृदय थकत चाललंय. १ सप्टेंबरपासून त्यांना तिसऱ्या मजल्यावर हलवणार. तिथून कुणाला बाहेर फिरायला नेता येत नाही. कधीच नाही.

म्हणजे १७ ऑगस्ट हा एकच दिवस आहे, लोरेन म्हणाली. पुढचं वर्ष नाहीये, नॉर्ब. कळतंय का?

कळतंय म्हटलं. मग तिने माझ्या कानांना लोणी लावून मला बाहेर काढलं. कान अजून वास मारतात.

१९ मे

रात्री नीट विचार केला. एकच दिवस असेल तर त्या दिवशी गाडी पूर्ण खरी असायला हवी. बाबांना शेवटचं अर्धवट खोट्या गाडीत बसवू? एवढं तरी त्यांना देणं लागतो. इंजिन काढणार.

२६ मे

इंजिन निघालं. ब्लॉकवरची तारीख अगदी बरोबर. केवढं समाधान वाटलं.

१६ जून, फादर्स डे

बाबांसाठी कोवाल्स्कीच्या दुकानातलं सॉसेज चोरून नेलं, शनीसने न बघितल्यासारखं केलं. बाबांनी विचारलं, हिरवी कशी आहे? ऐंशी टक्के झालीय, म्हटलं. सुरू होते का? मी समजावलं, सुरू होण्याचा प्रश्नच नाहीये बाबा, प्रश्न तारखांचा आहे. ते म्हणाले, आमच्या कारखान्यात मिनिटाला एक गाडी निघायची, आणि तारीख बघायला कोणाला वेळ होता? हाताला येईल ते लावायचो.

हीच तर मानसिकता. तेवढ्यात ते पुन्हा पंपावर आले. म्हणाले, पाच आठवडे उभी होती ती मागच्या आवारात. मी रोज तिच्या डिकीवर बसून डबा खायचो. पंप मीच. मी त्यांचं सॉसेज कापून दिलं. शर्ट मात्र सतरा तारखेसाठी आत्ताच इस्त्री करून ठेवायला सांगितलाय त्यांनी शनीसला. निळा.

दाराचा कोड आठवला नाही. पंधरा मिनिटं.

४ जुलै, गुरुवार

सगळ्या गल्लीत बार्बेक्यू. मी गॅरेजमध्ये. बोल्टच्या डोक्यांवरही बनवणाऱ्याच्या खुणा असतात, त्यांवरून साल कळतं. हे तर माझं आयुष्यभराचं क्षेत्र. चारशे बारा बोल्ट, बावीस डबे, सगळं तारीखवार लावलं. फळीवर किती देखणं दिसतं.

एक लहानशी अडचण. मोठ्या दारासमोर इंजिन स्टँडवर आहे. स्वयंपाकघराच्या दाराला मडगार्ड आणि बॉनेट टेकवलेत. आत-बाहेर करायला आता बाजूची खिडकी. आतून डब्यांच्या फळीखालच्या पेटीवर पाय ठेवायचा आणि पोटावर सरकायचं. लोरेनने बटाट्याचं सॅलड खिडकीतून दिलं. म्हणाली, बाबांच्या होममध्ये निदान दाराला कोड तरी आहे.

२१ जुलै

टेनेसीत एकाकडे पंप सापडला. सी १९ ०, फोटो पाहिला, भोकं मोजून घेतली, सत्तरचाच. पाठवतोय.

५ ऑगस्ट

पंप आला. आज अधिकृतपणे लिहितो: हिरवीचा प्रत्येक भाग तिच्या तारखेच्या आधीचा आणि योग्य अंतराचा आहे. व्हर्जिल म्हणाला, इतकी खरी गाडी त्याने पाहिली नाही. मग म्हणाला, म्हणजे गाडी झाल्यावर. एकही भाग दुसऱ्याला जोडलेला नाही ही त्याची हरकत. ती किरकोळ आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

वेळापत्रक:
रविवार – इंजिन बसवणे.
सोमवार – इंजिनाला लागतं ते सगळं.
मंगळवार – मडगार्ड, बॉनेट, सीट.
बुधवार – सुरू करणे.
गुरुवार – पॉलिश.
शुक्रवार – विश्रांती.

माणसाने विश्रांतीही नियोजनात धरावी.

११ ऑगस्ट, रविवार

बोल्ट तारखेनुसार लावलेत. कुठला कुठे जातो ते कुठेच लिहिलेलं नाही.

पद्धत शास्त्रशुद्ध आहे. फक्त उलटी वापरता येत नाही.

१२ ऑगस्ट

अकरा बोल्ट लागले. नऊ परत काढले.

१३ ऑगस्ट

व्हर्जिलला मदतीला बोलावलं. त्याची स्वतःची गाडी सतराला काढायचीय. पंपाशी बराच वेळ एकटाच बसून गेला. त्याला तो फार आवडलाय.

१४ ऑगस्ट, बुधवार

लोरेन बाबांकडे शर्ट बघायला गेली होती. येताना बुटांचा जुना खोका घेऊन आली. त्यातल्या दोन वस्तू स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवल्या, मला खिडकीतून हाक मारली आणि कांदे चिरत बसली.

एक: तारेला बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल, कारखान्याच्या मागच्या आवारातलं. त्यावर गाडीचा नंबर. खाली पेन्सिलीने: पंप गळतो, नवा येईपर्यंत थांबवा. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: पंप बदलला, २२ मे ७०. आणि सही, के. डोम्ब्रोव्स्की.

दोन: फोटो. बाबा, सदतीस वर्षांचे, बाही दुमडलेली, हिरवीच्या डिकीवर बसून सँडविच खाताहेत. गाडीच्या काचेवर तेच लेबल लटकतंय.

मी आधी म्हटलं, लेबल बनावट असू शकतं. लोरेनने चाकू थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मी नंबर घेऊन खिडकीतून आत गेलो, टॉर्च लावून गाडीवरचा नंबर बघितला. तीन वेळा. तोच आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती बांधायला सुरुवात झाली. पूर्ण झाली मेच्या शेवटी. तो पंप तिच्यातला सगळ्यात खरा भाग होता. बाबा चार महिने मला सांगत होते आणि मी सॉसेज कापून देत होतो.

कांदे चिरून झाले तेव्हा लोरेन म्हणाली, तुझ्या बाबांची आठवण बरी आहे, नॉर्ब.

१५ ऑगस्ट, गुरुवार

क्लबातून त्या ओहायोवाल्याचा नंबर काढला. फोन केला. तो फार प्रेमाने बोलला. त्याची गाडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. मेच्या मधल्या पंपासाठी अकरा वर्षं शोधत होता. कधी वाटलं नव्हतं की कोणी देईल, म्हणाला. माझे बाबा, मी म्हटलं, त्यांनी स्वतः. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, साहेब, तुम्हाला खोटं सांगत नाही, वाईट वाटतंय. पण पंप आता गाडीत बसलाय आणि गाडी चालते. ती उघडायची म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

सांगायला नको हे खरंच.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

नवी योजना. इंजिन नको. उद्या बाबांना निदान हिरवीच्या सांगाड्यात, खऱ्या सीटवर, खऱ्या स्टिअरिंगमागे बसवायचं आणि गाडी ढकलत अंगणात आणायची. तेवढ्यापुरतं समोरचं इंजिन बाजूला करावं लागेल. पाच मिनिटांचं काम. सकाळी करीन. आज विश्रांती, वेळापत्रकाप्रमाणे.

१७ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ८.२५

सहा वाजता आत आलो. इंजिनाचा स्टँड ढकलला. चाक तुटलं. इंजिन कलंडलं ते मोठ्या दारावर, दार बाहेर फुगलंय, उघडत नाही. धक्क्याने डब्यांची फळी पडली ती नेमकी खिडकीत आडवी. जेमतेम तोंड दिसेल एवढी फट राहिलीय. सगळे बोल्ट जमिनीवर. आता ते तारखेनुसारही नाहीत.

स्वयंपाकघराच्या दाराकडे जायचं तर मडगार्ड उचलून ठेवायला जागा पाहिजे. जागा नाही.

लोरेन बाबांना आणायला गेलीय. तिला अजून माहीत नाही.

९.४०

आले. व्हॅनचं दार सरकल्याचा आवाज. मग फटीत बाबांचं तोंड. निळा शर्ट, कारखान्याची टोपी, दाढी केलेली. मला बघून म्हणाले, एकतीस वर्षं दारं बसवली मी. तुझं एकही उघडत नाही का रे?

मग म्हणाले, कोड काय आहे या दाराचा? लोरेन हसली. त्यांनाही हसू आलं, पुढे खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी फटीतून आत बघितलं. बराच वेळ. हिरवी चार लाकडी ठोकळ्यांवर आहे. पुढचा भाग नाही, सीट नाहीत, चाकं नाहीत.

मी म्हटलं, बाबा, लेबल पाहिलं मी. पंप तुम्हीच बसवला होतात.

ते म्हणाले, मग? तेच तर सांगत होतो.

लोरेन म्हणाली, व्हर्जिलला बोलावते, नाहीतर आगीचा बंब बोलावू. बाबांनी टोपी काढली, परत घातली. उन्हात उभं राहून ते थकत होते. मी म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही व्हॅनने जा. दहानंतर वुडवर्डला वळायला जागा मिळत नाही.

लोरेन म्हणाली, नक्की? नक्की, म्हटलं. तसंही मला आत काम आहे.

बाबा व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसले. फटीतून तेवढं दिसलं. काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं, हिरवीत काढायचे तसं. लोरेनची व्हॅन मातकट रंगाची आहे, मागे किराणाच्या पिशव्या होत्या. गल्लीच्या टोकाला तिने हॉर्न वाजवला. की बाबांनी वाजवला, माहीत नाही.

दुपारी १.००

वुडवर्ड इथून अडीच मैल. वारा इकडचा असला की मोठी इंजिनं ऐकू येतात. ऐकून सांगू शकतो कुठलं कुठलं ते. कुणाला सांगणार? बोल्ट गोळा करतोय. दोनशे सहा झाले. रडू येतंय, पण ग्रीसच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत.

४.१५

व्हर्जिलने बाहेरून मोठ्या दाराच्या बिजागऱ्या काढल्या आणि मला सोडवलं. आत आल्यावर आधी पंपाकडे गेला. मी सांगितलं, तो चुकीचा आहे. तो म्हणाला, सी १९ ०, अगदी बरोबर आहे. मी लेबल दाखवलं. त्याने आरसा काढला आणि पेन्सिलीच्या अक्षरांवर धरला, का कोण जाणे. मग म्हणाला, स्पर्धेत हे सांगितलंस तरी कोणी मानणार नाही. पट्टीवर एप्रिलच आहे. परीक्षक म्हणून मीही नसतं मानलं.

१८ ऑगस्ट, रविवार

लोरेनच्या व्हॅनने होमला गेलो. तिला गाडी चालवायला सांगितलं, मी शेजारी बसलो. सीट बाबांसाठी पुढे ओढलेली होती, गुडघे डॅशबोर्डला लागत होते. मागे केली नाही.

लोरेन म्हणाली, तू एकटाच जा वर, मी खाली थांबते.

बाबा पलंगावर होते, निळा शर्ट खुर्चीवर. डोळे मिटलेले. उघडले तेव्हा मला बघून म्हणाले, काल मजा आली. तू कुठे होतास?

मी म्हटलं, गाडी तयार करत होतो, बाबा.

ते म्हणाले, अजून?

मग पुन्हा झोपले. थोडा वेळ उभा राहिलो. पुढच्या वर्षीची तारीख मी वहीत लिहून ठेवली होती, १५ ऑगस्ट २०२०, तो शनिवार येतो. ती त्यांना सांगायची होती. नाही सांगितली. एक सप्टेंबरला चौदा दिवस उरलेत. चौदा दिवसांत काय काय जोडता येईल याचा हिशेब वाटेत केला होता, तो खिशात होता, तो तिथेच राहू दिला.

निघालो. दाराशी आलो. कोड आठवेना. शनीस दुसऱ्या टोकाला कुणाला तरी औषध देत होती, तिने हात केला की येते. मी मान हलवली, घाई नाही म्हणून.

परत खोलीत गेलो, शर्ट मांडीवर घेतला आणि खुर्चीत बसलो. तासाभराने बाबा जागे झाले. मी म्हटलं, पंपाचं सांगा ना, पहिल्यापासून. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. मग उठून बसले आणि सुरू झाले. पाना कोणाकडून मागून घेतला, पहिला बोल्ट आडवा कसा गेला, फोरमन बघत नव्हता तेव्हा त्यांनी पंपाच्या आतल्या बाजूला खिळ्याने माझं नाव कसं कोरलं.

हे मला माहीत नव्हतं. पंप काढला तेव्हा आतून बघितला नव्हता. बाहेरची तारीखच बघितली.